इमारतीच्या ऊर्जेचा हिशेब मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरवर कसा ठेवावा

महिन्याच्या बिलावरून इमारतीने किती युनिट वापरले एवढेच कळते. ते कोणत्या मजल्यावर, कोणत्या यंत्रणेने आणि दिवसाच्या कोणत्या वेळी वापरले, हे कळत नाही. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद घेतली तर एकाच मीटरकडून दिवसाला ९६ आणि वर्षाला ३५,०४० नोंदी मिळतात, आणि रात्री दोन वाजता रिकाम्या इमारतीत पंप का चालू होता यासारख्या प्रश्नांची उत्तरे त्या नोंदींत सापडतात. हे काम करणारी बंद व्यावसायिक उत्पादने पुष्कळ आहेत. तरीही मुक्त-स्रोत साधने निवडण्याचे मुख्य कारण, माझ्या मते, पैशांची बचत हे नाही. इमारत अनेक दशके उभी राहते, सॉफ्टवेअर विकणारी कंपनी तितकी वर्षे टिकेलच असे नसते, आणि आपल्याच इमारतीच्या दहा वर्षांच्या नोंदी दुसऱ्याच्या बंद साच्यात अडकून पडल्या तर ते परवान्याच्या शुल्कापेक्षा कितीतरी महाग पडते.

पुढील मांडणी मध्यम आकाराच्या इमारतीसाठी आहे. तिथे एक मुख्य मीटर, दहा ते पन्नास उपमीटर, जमल्यास पाणी आणि गॅस यांचेही मीटर, आणि हे सारे सांभाळणारा एकच माणूस आहे, जो पूर्णवेळ संगणकतज्ज्ञ नाही, असे मी गृहीत धरले आहे. कामाचा जो क्रम इथे दिला आहे तो बहुतेकांच्या उत्साहाच्या उलट आहे, कारण त्यात डॅशबोर्ड, म्हणजे आकडे आलेखांत दाखवणारा पडदा, जवळजवळ शेवटी येतो.

आधी मीटरांची नोंदवही

कोणतेही सॉफ्टवेअर उतरवून घेण्यापूर्वी साध्या तक्त्यात प्रत्येक मीटरची एक ओळ लिहावी. मीटरचा अनुक्रमांक, तो कोणत्या पॅनेलमध्ये आहे, त्याच्यापुढे कोणता भार जोडलेला आहे, त्याच्या वरचा मीटर कोणता, सीटीचे (मोठा प्रवाह मीटरला मोजता येईल इतका लहान करणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचे) गुणोत्तर, संवादाची पद्धत, तारेवरचा पत्ता, रजिस्टरचा (मीटरमध्ये आकडा ठेवलेल्या कप्प्याचा) क्रमांक, आकड्याचा प्रकार, एकक, आणि तो आकडा चढत जाणारा आहे की त्या क्षणाचा, एवढे तरी त्या ओळीत असावे. हा तक्ता सीएसव्ही या साध्या मजकूर-स्वरूपात, गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात ठेवला तर कोणता बदल कधी आणि का केला याचा इतिहास आपोआप जमा होतो. कंटाळवाणे काम आहे, पण पुढचे सारे याच्यावर उभे राहते.

नोंदवही लिहिताना पॅनेलवरच्या चिठ्ठ्यांवर विसंबू नये. ‘पंप २’ या नावाने मी नोंदवलेला एक मीटर प्रत्यक्षात जिन्यातील दिव्यांचा होता, हे मला चार महिन्यांनी कळले. चिठ्ठी जुनी होती आणि मी ती पडताळून पाहिली नव्हती. माहीत असलेला एखादा भार मुद्दाम चालू-बंद करावा आणि अपेक्षित मीटरचाच आकडा हलतो का ते पाहावे, ही साधी चाचणी दहा मिनिटांत होते.

सीटीच्या चुका सर्वांत फसव्या असतात, कारण त्यांतून येणारे आकडे दिसायला अगदी व्यवस्थित असतात. बसवलेली सीटी २००/५ ची आणि मीटरमध्ये भरलेले गुणोत्तर १००/५ चे असेल, तर वर्षभर निम्माच वापर नोंदला जातो आणि आलेखाचा आकार मात्र निर्दोष दिसतो. तीन फेजपैकी एका फेजची सीटी उलटी बसली असेल, तर समतोल भारावर दोन फेज अधिक आणि एक उणे होऊन एकूण आकडा खऱ्याच्या एक तृतीयांश येतो. म्हणून प्रत्येक फेजचा किलोवॅट स्वतंत्रपणे वाचावा, उणे चिन्ह दिसल्यास थांबावे, आणि क्लॅम्प मीटरने प्रत्यक्ष प्रवाह मोजून ताडून पाहावा. सीटीच्या दुय्यम बाजूची जोडणी प्रवाह चालू असताना उघडली तर तिथे जीवघेणा विद्युतदाब निर्माण होतो, त्यामुळे हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञानेच करावे.

नावे देताना एकच पद्धत ठरवून ती शेवटपर्यंत पाळावी, उदाहरणार्थ आधी इमारत, मग मजला, मग यंत्रणा आणि शेवटी मोजलेली राशी. इमारतींतील उपकरणांचे आणि त्यांच्या परस्परसंबंधांचे वर्णन करण्यासाठी प्रोजेक्ट हेस्टॅक आणि २०१६ मध्ये मांडलेली ब्रिक या दोन खुल्या शब्दपद्धती उपलब्ध आहेत. एका इमारतीसाठी त्या संपूर्ण स्वीकारण्याची गरज नाही, पण नावे त्यांच्याशी जुळती ठेवली तर पुढे इमारतींची संख्या वाढल्यावर सारे नव्याने नामकरण करावे लागत नाही.

मीटरपासून संगणकापर्यंत

इमारतींतील वीजमीटर बहुधा मॉडबस या संवादपद्धतीने बोलतात. १९७९ सालची ही पद्धत अतिशय साधी आहे आणि म्हणूनच टिकली. तिच्यात प्रत्येक रजिस्टर १६ बिटांचे असते, आकड्याला नाव नसते, एकक नसते आणि वेळही नसते. मीटरच्या पुस्तिकेतला तक्ता हाताशी नसेल तर येणारे आकडे निव्वळ आकडेच राहतात. वातानुकूलन यंत्रणा बहुतेक वेळा बॅकनेट वापरते, तर पाणी आणि उष्णता मोजणाऱ्या मीटरांत एम-बस आढळते. ज्या जुन्या मीटरांना यांपैकी काहीच येत नाही त्यांना अनेकदा पल्सचे, म्हणजे ठराविक वापरामागे एक विद्युत ठोका देणारे, आउटपुट असते, आणि एका युनिटला किती पल्स हे मीटरवर छापलेले असते.

मॉडबसचे पहिले वाचन करताना युनिटच्या रजिस्टरपासून सुरुवात करू नये. आधी व्होल्टेज आणि वारंवारता वाचावी, कारण ते आकडे किती असायला हवेत हे आपल्याला आधीच ठाऊक असते. वारंवारता ५० किंवा ६० च्या आसपास न येता काहीतरी अगडबंब आली, तर बहुधा दोन कारणे असतात. एक म्हणजे पुस्तिकेत ४०००१ असे लिहिलेले रजिस्टर तारेवर शून्य क्रमांकाचे असते आणि आपण एकाने चुकलेलो असतो. दुसरे म्हणजे ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत विभागलेला असतो आणि त्या दोन भागांचा क्रम उत्पादकागणिक बदलतो. एमबीपोल हे छोटे मुक्त-स्रोत साधन किंवा पायथॉनमधील पायमॉडबस ही लायब्ररी या तपासणीला पुरेशी आहे. व्होल्टेज बरोबर आले की तोच क्रम इतर रजिस्टरांना लावून पाहावा.

मॉडबस ज्या तारेवरून चालते ती आरएस-४८५ ची तार एका मीटरकडून दुसऱ्याकडे अशी साखळीने न्यावी, एका बिंदूतून चहूकडे फांद्या काढू नयेत, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावावा. या तारेवर ९६०० बॉडच्या वेगाने सेकंदाला साधारण नऊशे अक्षरे जातात. वीस रजिस्टरांच्या प्रश्नोत्तराला सुमारे पन्नास अक्षरे लागतात आणि शिवाय मीटर उत्तर देण्यापूर्वी थोडा थांबतो. त्यामुळे तीस मीटर दर सेकंदाला वाचण्याचा हट्ट निष्फळ आहे. मिनिटाला एक वाचन ही मर्यादा बहुतेक कामांना पुरते.

वाचन करून पुढे पाठवण्यासाठी दोन साधने मला सोयीची वाटतात. टेलिग्राफ हे साधन एका मजकूर-फायलीवर चालते, मॉडबस आणि एमक्यूटीटी (नेटवर्कवरून छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) दोन्ही वाचते, आणि त्याची मांडणी गिटमध्ये ठेवता येते. नोड-रेडमध्ये चौकोन जोडून प्रवाह तयार करता येतो, त्यामुळे प्रयोग झटपट होतात, पण चाळीस मीटरांनंतर तो कॅनव्हास कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसू लागतो आणि कोणता फेरफार कुठे केला हे शोधणे कठीण होते. विचित्र उपकरणांसाठी नोड-रेड आणि बाकी सर्वांसाठी टेलिग्राफ, अशी वाटणी मी करतो. मीटर अनेक ठिकाणी विखुरलेले असतील तर मध्ये मॉस्किटो हा एमक्यूटीटी ब्रोकर, म्हणजे संदेश घेऊन पुढे देणारा मध्यस्थ, ठेवावा.

या टप्प्यावरचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणती राशी जपायची हा आहे. किलोवॅट वाचून त्याची बेरीज करण्याऐवजी मीटरचा चढत जाणारा युनिटचा आकडा वाचावा. नेटवर्क सहा तास बंद पडले तरी चढत्या आकड्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदींतून त्या सहा तासांचा एकूण वापर अचूक मिळतो. किलोवॅटच्या नोंदींत मात्र ते सहा तास कायमचे हरवतात. किलोवॅट सोबत अवश्य घ्यावा, पण हिशेब चढत्या आकड्याचाच धरावा.

इथे एक बारीक खोच आहे. अनेक मीटर हा आकडा ३२ बिटांच्या दशांश स्वरूपात देतात, आणि त्या स्वरूपाला सुमारे सातच सार्थ अंक सांभाळता येतात. एकूण आकडा १०,४८,५७६ युनिटच्या पुढे गेला की त्यानंतरची लहानांत लहान पायरी १/८ युनिटची होते. मुख्य मीटरला याने काही फरक पडत नाही. पण पूर्वी मोठा भार असलेल्या आणि आता अर्धा किलोवॅटच घेणाऱ्या वाहिनीचा पंधरा मिनिटांचा वापर नेमका तेवढाच असतो, म्हणून आलेखात शून्य, एक पायरी, दोन पायऱ्या अशा विचित्र उड्या दिसतात. मीटर पूर्णांकी रजिस्टरही देत असेल तर तेच वाचावे.

नोंदी कुठे ठेवाव्यात

चाळीस मीटर, प्रत्येकाच्या पाच राशी आणि मिनिटाला एक नोंद, असा हिशेब केला तर वर्षाला १० कोटी ५१ लाखांच्या आसपास नोंदी होतात. तोच हिशेब पंधरा मिनिटांचा केला तर सुमारे ७० लाख. म्हणून मिनिटाच्या नोंदी काही महिने आणि पंधरा मिनिटांच्या नोंदी कायम, असे धोरण सुरुवातीलाच लिहून ठेवावे.

डेटाबेससाठी माझे मत पोस्टग्रेसच्या बाजूचे आहे. काळानुसार येणाऱ्या नोंदींसाठी खास बनवलेला इन्फ्लक्सडीबी लोकप्रिय आणि वेगवान आहे, परंतु त्याच्या एकामागोमाग आलेल्या मुख्य आवृत्त्यांत प्रश्न विचारण्याची भाषा बदलत गेली आणि जुन्या डॅशबोर्डांचे पुनर्लेखन करावे लागले. इमारतीच्या आयुष्याच्या मापाने पाहता पोस्टग्रेसची एसक्यूएल ही भाषा अधिक भरवशाची आहे. पोस्टग्रेसवर टाइमस्केलडीबी जोडता येते. मात्र तिची संपीडनासारखी काही वैशिष्ट्ये वेगळ्या, काटेकोर अर्थाने मुक्त-स्रोत नसलेल्या परवान्याखाली येतात, हे आधी वाचून घ्यावे. वर सांगितलेल्या आकारमानाला महिन्यागणिक विभागलेला साधा तक्ताही चालतो.

मुख्य तक्त्यात वेळ, बिंदूचा (म्हणजे एका मीटरच्या एका राशीचा) क्रमांक, आकडा आणि दर्जाची खूण असे चारच स्तंभ ठेवावेत. बाकी सारी माहिती नोंदवहीच्या तक्त्यातून जोडून घ्यावी. मूळ नोंद कधीही बदलू नये. दुरुस्त्या, अंदाज आणि गुणोत्तरे लावलेले आकडे दुसऱ्या तक्त्यात असावेत, म्हणजे सीटीचे गुणोत्तर चुकल्याचे दोन वर्षांनी लक्षात आले तरी दुसरा तक्ता पुसून पहिल्यावरून पुन्हा तयार करता येतो. वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवावी आणि स्थानिक वेळ फक्त दाखवताना लावावी. ज्या देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे-मागे करतात तिथे वर्षातून एका दिवशी पंधरा मिनिटांचे ९२ आणि एका दिवशी १०० टप्पे येतात, आणि स्थानिक वेळेत साठवलेल्या नोंदींत तो तास एकदा गायब होतो व एकदा दुहेरी होतो.

इतके सारे स्वतः जोडण्याची इच्छा नसेल तर तयार प्रणाली आहेत. ओपनएनर्जीमॉनिटर प्रकल्पातील एमॉनसीएमएस ही लहान इमारतीसाठी उत्तम सुरुवात आहे. तिच्यात येणारे इनपुट आणि साठवलेले फीड या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि इनपुटला फीडची प्रक्रिया लावेपर्यंत काहीच साठत नाही, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. मायईएमएस ही अनेक इमारतींच्या व्यवस्थापनासाठी आहे. सौर पॅनेल, बॅटरी आणि वाहनांचे चार्जिंग यांचे नियंत्रण हा मुख्य हेतू असेल तर ओपनईएमएस पाहावी. घरापुरते काम असेल तर होम असिस्टंट पुरे.

आकडे तपासून घेणे

चढता आकडा कधी उतरू नये, हा पहिला नियम. उतरला तर मीटर बदलला गेला, शून्यावर आणला गेला किंवा कमाल मर्यादा गाठून पुन्हा शून्यापासून सुरू झाला. तिन्हींची दुरुस्ती वेगळी असते, म्हणून ती स्वयंचलित न करता माणसाने पाहून करावी. मीटर बदलताना जुन्याचा शेवटचा आणि नव्याचा पहिला आकडा, तारीख आणि वेळेसह, नोंदवहीत लिहिण्याची शिस्त लावली तर हा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

दुसरा नियम वरच्या मर्यादेचा. ४०० व्होल्टच्या तीन फेज वाहिनीवर १०० अँपिअरचा ब्रेकर असेल, तर ती वाहिनी सतत सुमारे ६९ किलोवॅटपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, म्हणजे पंधरा मिनिटांत १७.३ युनिटच्या फार वरचा आकडा खोटाच असणार. अशी मर्यादा प्रत्येक मीटरसाठी नोंदवहीतच लिहून ठेवता येते. तिसरी गोष्ट, नोंद नसणे आणि वापर शून्य असणे यांत गल्लत करू नये. रिकाम्या जागी शून्य भरण्याची सवय अनेक साधनांना असते आणि त्यामुळे सरासरी गुपचूप खाली येते. रिकामी जागा अंदाजाने भरायचीच असेल तर चढत्या आकड्यांतील फरक त्या काळावर वाटून द्यावा आणि दर्जाच्या स्तंभात ‘अंदाज’ अशी खूण करावी.

सर्वांत उपयोगी तपासणी मात्र वरच्या आणि खालच्या मीटरांची आहे. मुख्य मीटरमधून सर्व उपमीटरांची बेरीज वजा करावी आणि उरलेला आकडा रोज एका ओळीत पाहावा. न मोजलेला भार आणि मीटरांची अचूकता यांमुळे काहीतरी उरणारच. ते किती यापेक्षा ते स्थिर आहे का हे महत्त्वाचे असते. एके दिवशी तो फरक अचानक वाढला तर नवा भार जोडला गेला आहे किंवा एखादा उपमीटर गप्प झाला आहे. उपमीटरांची बेरीज मुख्य मीटरपेक्षा जास्त आली, तर कुठेतरी सीटीचे गुणोत्तर किंवा वरचा-खालचा संबंध चुकला आहे, आणि तो सापडेपर्यंत कोणताही अहवाल बाहेर पाठवू नये.

नोंदींतून अर्थ काढणे

पहिल्या महिन्यात किचकट विश्लेषणाच्या मागे लागू नये. प्रत्येक मीटरसाठी मध्यरात्रीनंतरचा किमान भार काढावा आणि तो दिवसाच्या कमाल भाराशी ताडून पाहावा. कार्यालयाच्या इमारतीत रात्रीचा भार दिवसाच्या निम्मा निघाला, तर कोणतेही मॉडेल न चालवता चौकशीची दिशा मिळते. आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर दिवसाचे तास आणि रंगाने भार दाखवणारा एकच नकाशा सुट्टीच्या दिवशीही पहाटे सुरू होणारी यंत्रणा, बिघडलेला टायमर आणि हळूहळू वाढणारा रात्रीचा वापर एका नजरेत दाखवतो.

बचत झाली की नाही हे सांगण्यासाठी मात्र हवामान हिशेबात घ्यावेच लागते. दिवसाचे सरासरी तापमान ३० अंश आणि पायाचे तापमान, म्हणजे ज्याच्या वर शीतकरण लागू लागते ते, १८ अंश धरले तर त्या दिवशी शीतकरणाचे १२ अंश-दिवस होतात. पायाचे तापमान पुस्तकातून उचलण्यापेक्षा आपल्या इमारतीचा दैनंदिन वापर तापमानासमोर मांडून, तो कुठून चढू लागतो ते पाहून ठरवावे. बदल करण्यापूर्वीच्या सलग बारा महिन्यांच्या नोंदींवरून वापर आणि तापमान यांचा संबंध बसवावा, बदलानंतरच्या हवामानाला तोच संबंध लावून ‘बदल केला नसता तर’ किती वापर झाला असता ते काढावे, आणि प्रत्यक्ष वापर त्यातून वजा करावा. हेच काम ठरलेल्या पद्धतीने करणारी ओपनईईमीटर ही पायथॉनची मुक्त-स्रोत लायब्ररी आहे. आयएसओ ५०००१ या ऊर्जा व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीतही आधाररेषा आणि तिच्याशी तुलना यांना मध्यवर्ती स्थान आहे, त्यामुळे प्रमाणपत्राचा विचार असेल तर ही मेहनत दुहेरी उपयोगाची ठरते. बारा महिन्यांपेक्षा कमी नोंदींवर, एकच ऋतू पाहून काढलेली टक्केवारी मी तरी कोणाला दाखवणार नाही.

आता डॅशबोर्ड

ग्राफाना हे डॅशबोर्डचे साधन पोस्टग्रेसला थेट जोडता येते. तीन पडदे पुरतात, ते म्हणजे इमारतीचा आजचा आणि कालचा भार, वर सांगितलेला रंगांचा नकाशा, आणि मीटरांची प्रकृती दाखवणारा तक्ता. पहिली सूचना जास्त वापराची न ठेवता ‘या मीटरकडून दोन तास नोंद आलेली नाही’ अशी ठेवावी.

सुरक्षा, प्रती आणि हस्तांतर

मूळ मॉडबसमध्ये पासवर्ड नाही. त्या तारेपर्यंत पोचलेला कोणीही वाचू शकतो आणि लिहूही शकतो. म्हणून मीटरांचे नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे इतर संगणकांपासून विलग केलेल्या भागात, ठेवावे, ५०२ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटला कदापि उघडू नये, आणि बाहेरून पाहायचे असेल तर व्हीपीएन वापरावे. निवासी इमारतीत घरागणिक नोंदींवरून माणसे कधी उठतात आणि कधी गावाला जातात हे स्पष्ट कळते, त्यामुळे त्या नोंदी पाहण्याचा अधिकार मोजक्यांना असावा आणि तो रहिवाशांना सांगितलेला असावा.

रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर डेटाबेस ठेवायचा असेल तर एसडी कार्डाऐवजी एसएसडी वापरावी, कारण सततच्या लेखनाने कार्ड लवकर झिजते. डॉकर (सॉफ्टवेअर तयार डब्यांत चालवणारे साधन) वापरत असल्यास ‘लेटेस्ट’ न लिहिता आवृत्तीचा नेमका क्रमांक लिहावा. रोज रात्री डेटाबेसची प्रत दुसऱ्या यंत्रावर जावी, आणि महिन्याला एकदा पंधरा मिनिटांच्या नोंदी साध्या सीएसव्हीत काढून नोंदवहीच्या प्रतीसह वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे उद्या सगळे सॉफ्टवेअर बदलले तरी त्या वाचता येतील.

प्रत घेतली जाते आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ही व्यवस्था न बसवलेल्या एखाद्या सहकाऱ्याला रिकामा संगणक, लेखी सूचना आणि कालची प्रत द्यावी, शेजारी बसून मदत करू नये, आणि मागच्या महिन्याचे मुख्य मीटरचे युनिट त्याला काढायला सांगावे. तो आकडा बिलाशी ताडताना बिलाच्या वाचनाची तारीख आणि वेळ आपल्या महिन्याशी जुळवून घ्यावी, कारण एका दिवसाच्या फरकानेही तीन टक्क्यांची तफावत सहज दिसते. सूचनांत जिथे तो अडला असेल तिथली ओळ त्याच दिवशी दुरुस्त करून गिटमध्ये टाकावी.